गळकी चकती: वितळलेलं मीठ, मॅग्नेशिया आणि बेळगावचा जुलै

एप्रिलमध्ये जी चकती ४५० अंश सेल्सिअसवर अर्धा तास दाबाखाली राहूनही शाबूत बाहेर यायची, तीच जुलैत मिठाने माखून निघायला लागली. कृती तीच, भट्टी तीच, करणारे हातही तेच. बेळगावातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात एम.टेक. करणाऱ्या मुलीचं हे काम. मी तिचा अधिकृत मार्गदर्शक नव्हे. उद्यमबागेतल्या कारखान्यांत हीट ट्रीटमेंटच्या सॉल्ट बाथवर, म्हणजे पोलाद बुडवून तापवायच्या वितळलेल्या मिठाच्या टाकीवर, बरीच वर्षं काढलेला आणि आता अधूनमधून शिकवणारा माणूस, म्हणून मला बोलावणं आलं. प्रकरण सविस्तर लिहावंसं वाटलं, कारण वितळलेलं मीठ पावडरीला भिजवतं की नाही, एवढं विचारून सगळे थांबले होते. भिजवल्यावर ते तिथे टिकतं का, आणि नको तिकडे चालायला लागतं का, याकडे कुणाचं लक्षच नव्हतं.

ही चकती थर्मल बॅटरीतल्या विभाजकाची. थर्मल बॅटरी आपल्या रोजच्या पाहण्यातली नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जर्मनीत गेऑर्ग ओटो एर्ब याने ती काढली आणि पुढे ती मुख्यतः क्षेपणास्त्रांत गेली. आत इलेक्ट्रोलाइट म्हणून मीठ असतं, तेही घन. घन मिठातून वीज जवळजवळ वाहतच नाही, त्यामुळे बॅटरी वीस वर्षं पडून राहिली तरी उतरत नाही. वापरायच्या क्षणी आतल्या लोखंडाची भुकटी आणि पोटॅशियम परक्लोरेट यांच्या चकत्या पेटवतात, मीठ वितळतं आणि बॅटरी जागी होते. आजच्या सेलमध्ये ऋण बाजूला बहुधा लिथियम-सिलिकॉन, धन बाजूला पायराइट म्हणजे आयर्न डायसल्फाइड, आणि दोन्हींना एकमेकांपासून वेगळं ठेवणारी, मीठ धरून असलेली ही विभाजक चकती मधे.

मीठ म्हणजे लिथियम क्लोराइड आणि पोटॅशियम क्लोराइड, वजनाने साधारण ४५ आणि ५५ भाग. एकेकटं वितळवायचं तर पहिल्याला सहाशेच्या वर आणि दुसऱ्याला ७७० अंश लागतात; या प्रमाणात एकत्र केलं की सुमारे ३५३ अंशांनाच पाणी होतं. आणि पाणी म्हणजे खरोखर पातळ द्रव. तो दोन इलेक्ट्रोडच्या फटीत आपणहून उभा राहणार नाही, दाब पडला की बाजूने निघून जाणार. म्हणून त्यात मॅग्नेशियम ऑक्साइडची पावडर घालतात, वजनाने ३५ टक्क्यांच्या आसपास. बोलताना सगळे मॅग्नेशियाच म्हणतात. मॅग्नेशिया वितळत नाही, या मिठात फारशी विरघळत नाही आणि लिथियमपुढेही टिकते. तिच्या कणांमधल्या फटींत मीठ धरून ठेवायचं, एवढंच तिचं काम.

मुलीचा विषय अख्खी बॅटरी हा नव्हताच. लिथियम-सिलिकॉन हाताळायला लागणारी कोरडी खोली महाविद्यालयात कुठून असणार? तिने फक्त विभाजक घेतला होता, आणि एवढ्या साधनांत तेच शहाणपणाचं होतं. मीठ आणि मॅग्नेशिया एकत्र वितळवायचं, थंड झालेला गोळा कुटून चाळायचा, हायड्रॉलिक प्रेसवर २५ मिलिमीटर व्यासाची, अर्धा मिलिमीटर जाड चकती दाबायची. ती दोन निकेलच्या चकत्यांमध्ये ठेवून आरगॉन वाहणाऱ्या नळीभट्टीत सरकवायची, वरून दांड्याने पाच किलोचं वजन द्यायचं, ४५० अंशांवर अर्धा तास रोध मोजायचा. थंड झाल्यावर कडेला आलेलं मीठ खरवडून चकतीचं वजन करायचं. जेवढं घटलं तेवढं गळलं.

उन्हाळ्यात कडेला मिठाची जेमतेम एक रेघ दिसायची. जुलैत मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा खालच्या निकेलच्या कडेवर मिठाचे मणी थिजलेले होते, आणि निकेलची जी पट्टी तारेला जोडलेली असते तिच्यावर मिठाचा पातळ पांढरा पापुद्रा बोटभर वर चढलेला होता. विभाजक मधोमध करपट राखाडी आणि भुसभुशीत; नखाने दाबला की कोरडी पावडर सुटत होती. म्हणजे मीठ बाहेर पडलं होतं आणि आत नुसता सांगाडा राहिला होता. काही वेळा वरच्या आणि खालच्या निकेलमध्ये मिठाचा पूल झाला होता आणि रोधाचा आकडा त्या पुलाचाच येत होता, चकतीचा नव्हे.

सगळ्यांनी एकमुखाने पावसावर बोट ठेवलं. ते साहजिकच होतं. लिथियम क्लोराइडसारखं ओलाव्याला हपापलेलं मीठ क्वचितच दुसरं असेल. २५ अंश तापमानाला हवेची सापेक्ष आर्द्रता ११ टक्क्यांच्या वर गेली की ते हवेतलं पाणी ओढून स्वतःच त्यात विरघळायला लागतं. जुलैत बेळगावची हवा ऐंशी-नव्वद टक्क्यांच्या घरात असते, आणि खानापूरकडून झड लागली की प्रयोगशाळेच्या भिंतीही घाम फोडतात. बाटलीचं झाकण पाच मिनिटं उघडं राहिलं तरी दाणे एकमेकांना चिकटतात.

ओलं मीठ तापवलं की नुसतं पाणी उडून जातं, हा समज मात्र चुकीचा आहे. काही पाणी उडतं, काही लिथियम क्लोराइडशी भिडतं. हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो आणि मिठात लिथियम हायड्रॉक्साइड राहतं. सॉल्ट बाथमध्ये ओला जॉब, म्हणजे तापवायचा तुकडा, सोडला तर काय होतं हे ज्याने एकदा पाहिलंय तो पुन्हा तसं करत नाही. तिथे मीठ अंगावर उडतं. इथे मीठ थोडं असल्यामुळे उडत नाही, पण भट्टीच्या तोंडाशी नाकाला झोंबणारा वास येतो आणि वितळलेल्या मिठाची जात बदललेली असते. बदलली आहे का हे पाहायला त्या मुलीने एक चांगली युक्ती केली. गळालेलं मीठ पाण्यात विरघळवून पीएच बघायचा तिचा विचार होता, पण मॅग्नेशियामुळे ते पाणी तसंही अल्कधर्मी येणार. म्हणून तिने मॅग्नेशिया न घालता नुसतं मीठ वितळवून, थिजवून, मग विरघळवलं. निर्वातात तापवून सुकवलेल्या मिठाचं पाणी जवळजवळ उदासीन, बाटलीतून तसंच घेतलेल्याचं स्पष्ट अल्कधर्मी.

पावसावरचा आरोप सिद्ध झाला असं समजून तिने मीठ निर्वात ओव्हनमध्ये सुकवलं, नायट्रोजन भरलेल्या पिशवीत हात घालून चकत्या दाबल्या आणि पुन्हा भट्टीत घातल्या. पट्टीवर चढणारा पापुद्रा जवळजवळ गेला. चकती मात्र गळतच राहिली, आणि तेवढीच.

एवढं झाल्यावर तिच्या मार्गदर्शकांनी स्पर्शकोन मोजायला सांगितलं. सपाट पृष्ठावर द्रवाचा थेंब ठेवला की त्याची कड पृष्ठाशी जो कोन करते तो. कोन ९० अंशांपेक्षा कमी असेल तर द्रव पृष्ठाला भिजवतो. जास्त असेल तर थेंब गोळा होऊन बसतो. थॉमस यंगने १८०५ मध्ये याचा हिशेब मांडला तेव्हापासून हाच भिजण्याचा पहिला आकडा. नळीच्या टोकाला काचेची खिडकी बसवून, बाहेरून कॅमेरा लावून, मॅग्नेशियाच्या दाबलेल्या वडीवर मिठाचा खडा ठेवला. खडा वितळला, पसरला आणि बघता बघता नाहीसा झाला. नव्या पोत्यातल्या मॅग्नेशियावरही तेच, जुन्या पोत्यात तळाशी उरलेल्या मॅग्नेशियावरही तेच. वहीत नोंद पडली: दोन्हीवर स्पर्शकोन शून्य, भिजणं उत्तम, मॅग्नेशियाचा दोष नाही.

माझ्या मते या प्रकरणातली सगळ्यात महागडी नोंद हीच. थेंब नाहीसा झाला कारण वडी सच्छिद्र होती, आणि पोकळीत शिरलेल्या थेंबाला कडच उरत नाही. कोन मोजायचाच असेल तर घट्ट, गुळगुळीत घासलेलं पृष्ठ लागतं. आणि तसं पृष्ठ मिळवून बरोबर कोन काढला असता तरी दोन्ही पोत्यांचा सारखाच आला असता, कारण पदार्थ एकच आहे. स्पर्शकोन सांगतो की मीठ मॅग्नेशियाच्या पृष्ठावर जायला तयार आहे का. ते फटीत किती घट्ट धरलं जाईल हे सांगायला फटीचा आकार लागतो, आणि तो कुठल्याच रकान्यात नव्हता.

दोन पोती असल्याचंही मला तेव्हाच कळलं. उन्हाळ्यातली पावडर रसायनांच्या पुरवठादाराकडची, हलकी मॅग्नेशिया. ती संपत आली म्हणून जूनमध्ये नवीन मागवली ती भट्टीच्या विटा-मसाला पुरवणाऱ्या दुकानदाराकडून. शुद्धता चांगली, किंमत कमी, आणि खरेदीच्या फॉर्मवर शुद्धतेपलीकडे विचारणारा रकानाच नाही. त्या दुकानदाराने काही चूक केली असं मी म्हणणार नाही. त्याच्याकडे भट्टीवाले येतात आणि त्यांना हाच माल हवा असतो. खूप उच्च तापमानाला भाजून मेलेली, जाड दाण्याची मॅग्नेशिया. भट्टीच्या अस्तराला ती उत्तम.

मी मुलीला म्हटलं, दोन्हींचं दहा-दहा ग्रॅम घे आणि मोजपात्रात ओत. जुनी पावडर शंभर मिलिलिटरच्या पात्रात वरच्या खुणांपर्यंत फुगून आली. नवी तळाशी जाऊन बसली. ती पात्रांकडे बघत राहिली आणि म्हणाली, “सर, हे तर पहिल्या दिवशीच करायला पाहिजे होतं की.” खरंय, पण हे करायला सांगणारं कुणी नव्हतं.

आकड्यांत फरक किती, तेही काढता येतं. हलक्या मॅग्नेशियाच्या एका ग्रॅमचं पृष्ठ काही दशक चौरस मीटर असतं. पन्नास धरलं आणि मॅग्नेशियाची घनता ३.५८ घेतली तर गोल कणाचा व्यास सुमारे ३३ नॅनोमीटर येतो. मेलेल्या मॅग्नेशियाचं पृष्ठ ग्रॅमला एक चौरस मीटरच्याही खाली, ०.३ धरलं तर कण साडेपाच मायक्रोमीटरचा. कण जाड, तर कणांमधल्या फटीही त्याच प्रमाणात जाड.

आता फट मिठाला किती जोराने धरते ते पाहू. भिजवणारा द्रव अरुंद नळीत धरून ठेवणारा दाब म्हणजे पृष्ठताणाची दुप्पट, गुणिले स्पर्शकोनाची कोज्या, भागिले नळीची त्रिज्या. या मिठाचा पृष्ठताण ४५० अंशांच्या आसपास ०.१२५ न्यूटन प्रति मीटर धरायला हरकत नाही. पाण्याच्या पावणेदोन पट. कोन लहान, म्हणजे कोज्या एकच्या जवळ. फटीची त्रिज्या ०.१ मायक्रोमीटर असेल तर धरून ठेवणारा दाब येतो २५ बार. त्रिज्या ५ मायक्रोमीटर असेल तर अर्धा बार. आणि आपण वरून काय देतो आहोत? पाच किलो वजन, २५ मिलिमीटरच्या चकतीवर: एक बार.

अर्धा बार धरणाऱ्या फटीवर एक बार दाब. चकती गळणारच, मीठ कितीही कोरडं केलं तरी. सगळा भार मिठावर येत नाही, काही भार कणांचा सांगाडा पेलतो, हे खरं. म्हणूनच नव्या पावडरीच्या चकत्या एकदम रिकाम्या न होता अर्धा तास गळत राहायच्या. पण बाजू कुठे झुकली आहे हे या एका भागाकारात दिसतं. खानापूरकडची मुरमाड जमीन आणि बैलहोंगलचं काळं रान, दोन्हींवर पाऊस पडला की दोन्ही भिजतात. चार दिवसांनी उकरून पाहिलं की फरक कळतो.

जाड पावडर जास्त घालून भागेल का, हा तिचा पुढचा प्रश्न. तिने टक्का वाढवून पाहिला. गळती थोडी घटली आणि रोध चांगलाच वाढला. शुद्ध मिठाची वाहकता या तापमानाला सेंटिमीटरला दीड सीमेन्सच्या थोडी वर असते, त्यामुळे अर्ध्या मिलिमीटरच्या शुद्ध मिठाच्या थराचा रोध सहा-सात मिलिओहमच येईल. मॅग्नेशिया घातली की वाट वाकडी होते आणि आकडा वाढतो, तो भाग सोसावाच लागतो. पण जाड पावडर वाढवली की मीठ कमी होतं, वाट आणखी अडते आणि फटी मात्र फारशा बारीक होत नाहीत. दोन्हीकडून तोटा.

या सगळ्याचा एक पुरावा भट्टीतून निघाल्या निघाल्या समोर होता, तो कुटून टाकला जात होता. मीठ आणि मॅग्नेशिया एकत्र वितळवून थिजवलेला गोळा तिने कुटण्याआधी उभा चिरला. हलक्या पावडरीचा गोळा वरपासून खालपर्यंत एकसारखा, दुधाळ, खडूसारखा मोडणारा. नव्या पावडरीच्या गोळ्यात वरचा बोटभर भाग जवळजवळ स्वच्छ मिठाचा, अर्धपारदर्शक, आणि खाली पावडरीचा घट्ट थर. मिठाची घनता त्या तापमानाला १.६५ च्या आसपास आणि मॅग्नेशियाची साडेतीनच्या वर. जाड कण तळाला बसायला वेळ लागत नाही. बारीक कण मात्र इतके दाट गुंतलेले असतात आणि मिठाने एकमेकांना असे बांधलेले असतात की सगळं मिळून लापशीसारखं एकजीव राहतं. कुटून चाळल्यावर दोन्ही पांढऱ्या भुकट्या दिसायला सारख्याच.

त्यानंतर तिने चार जोड्या लावल्या: जुनी पावडर आणि नवी पावडर, सुकं मीठ आणि दमट मीठ. जुनी पावडर पोत्याच्या तळाशी होती तेवढी या कामात संपली. जुनी आणि सुकं: उन्हाळ्यासारखंच, कडेला रेघ. जुनी आणि दमट: खालून गळती नाही, पण निकेलच्या पट्टीवर पापुद्रा, निकेलवर काळपट डाग आणि रोधाचा आकडा अस्थिर. नवी आणि सुकं: कडेला मिठाचे गोल मणी, पट्टी स्वच्छ. नवी आणि दमट: दोन्ही रोग एकत्र. म्हणजे जुलैत एकाच वेळी दोन गोष्टी बदलल्या होत्या, आणि पाऊस डोळ्यांसमोर असल्यामुळे पोत्याकडे कुणी पाहिलं नाही.

पट्टीवर चढणाऱ्या पापुद्र्याचं कोडं वेगळं, आणि मला तेच जास्त रंजक वाटतं. सॉल्ट बाथवाल्यांना ते पाठ असतं: भांड्याच्या काठावरून मीठ वर चढतं, बाहेर येतं, थिजतं, पुन्हा त्यावरून नवं चढतं. स्वच्छ चकचकीत पोलादावर ते सावकाश, ऑक्साइडची कातडी धरलेल्या पोलादावर भरभर. निकेलचं इथे तसंच दिसलं. घासून चकचकीत केलेल्या निकेलवर सुक्या मिठाचा थेंब घुमटासारखा उभा राहिला. दमट मिठाने डागाळलेल्या निकेलवर तोच खडा वितळून सपाट पसरला. आयनांनी बनलेल्या द्रवाला ऑक्साइडची संगत धातूपेक्षा मानवते, असं ढोबळ मानाने म्हणता येईल. वितळलेल्या कार्बोनेटवर चालणाऱ्या इंधन-सेलमध्येही याचा दाखला आहे. तिथे ६५० अंशांच्या कार्बोनेटने ऑक्सिडीकरण करणाऱ्या वायूत निकेल पूर्ण भिजतं, हायड्रोजनच्या बाजूला तितकं भिजत नाही, आणि कुठल्या भागात किती इलेक्ट्रोलाइट राहील हे फटींच्या आकारावरून ठरवावं लागतं.

यावरचा उपाय प्रयोगशाळेत सापडला नाही. भट्टीचा दांडा झिजला होता म्हणून ती ग्रॅफाइटचं काम करणाऱ्या एका शेडमध्ये गेली. तिथे लेथवर बसणारे काका पूर्वी अॅल्युमिनियम गाळण्याच्या पॉटरूममध्ये होते; पॉट म्हणजे वितळलेल्या मिठातून वीज सोडून अॅल्युमिनियम काढायची भट्टी. यमनापूरचा अॅल्युमिनाचा कारखाना सगळ्यांना ठाऊक आहे. बेळगावात एके काळी अॅल्युमिनियम गाळतही होते, हे नव्या पोरांना सांगावं लागतं. तिने निकेलची पट्टी दाखवली. काकांनी ती उजेडात धरली, चष्मा वर केला आणि म्हणाले, “पोरी, मीठ निकेलवर चढायलंय तर निकेल कशाला ठेवतीस? कार्बन लाव की. कार्बनला मीठ सहजासहजी धरत नाही. आमच्या पॉटवर बल्ब असायचा. अॅल्युमिना कमी पडला की बाथ कार्बनला सोडायचं, बल्ब लख्ख पेटायचा. मग ओलं लाकूड खुपसायचं आणि अॅल्युमिना पाडायचा.”

काकांनी सांगितलं तो अॅनोड इफेक्ट. ९६० अंशांच्या आसपास वितळलेल्या क्रायोलाइटमध्ये अॅल्युमिना विरघळवून वीज सोडतात. अॅल्युमिनाचं प्रमाण दोन टक्क्यांच्या खाली घसरलं की द्रव कार्बनच्या अॅनोडला नीट भिजवेनासा होतो, अॅनोडखाली वायूचा पडदा बसतो आणि चार-साडेचार व्होल्टवर चालणारं पॉट तीस व्होल्ट किंवा त्याच्याही वर उडी मारतं. वर जोडलेला दिवा पेटतो तो त्या व्होल्टेजवर. त्याच वेळी कार्बन आणि फ्लोरिन यांचे वायू सुटतात, ते हवामानाच्या दृष्टीने फार वाईट. तिथलं मीठ फ्लोराइडचं, इथलं क्लोराइडचं; तिथे वायू सुटतो, इथे नाही; त्यामुळे काकांचा अनुभव जसाच्या तसा उचलून चालणार नव्हतं. पण विरघळलेल्या एका ऑक्साइडचा टक्का-दोन टक्के फरक कार्बन भिजेल की नाही हे ठरवतो, एवढं त्या बल्बने शिकवलेलं होतं. आमच्या मिठातही ओलाव्याने ऑक्साइड-हायड्रॉक्साइड येतच होतं, आणि ते वाढलं तर मीठ कार्बनलाही धरू लागण्याची भीती. म्हणजे कार्बन लावायचा असेल तर मीठ सुकं हवंच.

तिने निकेलवर ग्रॅफाइटची लवचीक फॉइल घातली, चकतीपेक्षा थोडी मोठी. थर्मल बॅटरीच्या उद्योगात अशी फॉइल वापरतातच, तेव्हा आम्ही काही नवा शोध लावला नाही. सुक्या मिठाने फॉइलच्या कडेला जाऊन गोल कड धरली आणि तिथेच थांबलं. रोध किंचित वाढला, कारण न भिजणाऱ्या पृष्ठावर मीठ सगळीकडे टेकत नाही. खऱ्या सेलमध्ये ही फॉइल धन बाजूला ठीक. लिथियमच्या बाजूला लावली तर लिथियम ग्रॅफाइटच्या थरांत शिरतं आणि तो वेगळाच उपद्व्याप होतो.

न भिजणं हा नेहमी दोष असतो असं मात्र नाही. अमेरिकेत ओक रिजला १९६५ ते १९६९ दरम्यान चाललेल्या मोल्टन सॉल्ट रिअॅक्टरमध्ये, म्हणजे वितळलेल्या मिठावर चालणाऱ्या अणुभट्टीत, ग्रॅफाइट उघडंच फ्लोराइड मिठात बुडवलेलं होतं, आणि मीठ त्याच्या छिद्रांत शिरत नाही यावरच ती रचना उभी होती. उलट अमेरिकेतल्याच अर्गॉन नॅशनल लॅबोरेटरीत १९७० च्या दशकात लिथियम-अॅल्युमिनियम आणि आयर्न सल्फाइडच्या सेलसाठी बोरॉन नायट्राइडचा नमदा विभाजक म्हणून घेतला, तेव्हा हेच क्लोराइड मीठ त्याला भिजवेना. आधी त्याच्यावर प्रक्रिया करावी लागली, तेव्हा कुठे मीठ आत शिरलं. सोडियम-निकेल क्लोराइडच्या बॅटरीत तर एकाच सेलमध्ये दोन्ही गोष्टी भेटतात: एका बाजूला वितळलेलं सोडियम टेट्राक्लोरोअॅल्युमिनेट निकेल आणि मिठाच्या दाण्यांत सहज मुरतं, दुसऱ्या बाजूला वितळलेलं सोडियम बीटा अॅल्युमिना या सिरॅमिकच्या नळीवर, विशेषतः कमी तापमानाला, पसरायला नाराज असतं. म्हणून तिथे सोडियम नळीला लागून राहावं यासाठी वेगळी सोय करतात.

महाविद्यालयाने ऑगस्टअखेर हलकी मॅग्नेशिया मागवली. आता पोतं आलं की आधी मोजपात्र, मग गोळा वितळवून उभा चीर, मग गळतीची चाचणी. स्पर्शकोनाचा तक्ता तिने प्रबंधातून काढून टाकला. त्यावर विभागात थोडी कुरबुर झाली. एवढा कॅमेरा लावला, खिडकी बसवली, आणि आकडा द्यायचाच नाही? माझं मत तिला आधीच सांगून झालं होतं: शून्य हा आकडा त्या वडीचा होता, मॅग्नेशियाचा नव्हता. तो द्यायचाच असेल तर घट्ट भाजलेल्या, घासून आरशासारख्या केलेल्या मॅग्नेशियावर घ्यावा लागेल, आणि त्यासाठी तिच्याकडे आता वेळ नाही.

या हलक्या पावडरीने चकत्या पुन्हा उन्हाळ्यासारख्या येतात, सुकं मीठ आणि ग्रॅफाइट असेल तर पाऊस चालू असतानाही. सुकवण्यात हयगय झाली की दुसऱ्याच दिवशी पट्टी सांगते. पायराइटच्या बाजूचं काम तिने दिवाळीनंतर, हवा कोरडी झाल्यावर घ्यायचं ठरवलंय. तिथे पायराइटमध्येच थोडं मीठ-मॅग्नेशियाचं मिश्रण कालवतात, म्हणजे विभाजकातलं मीठ पायराइटने ओढून घेऊ नये. तापमान ५५० च्या पुढे गेलं की पायराइट मोडून गंधक सुटायला लागतो, म्हणून भट्टीचा थर्मोकपल आधी बदलून घ्यायचा आहे. सध्याचा वीस-पंचवीस अंश कमी दाखवतो असा संशय आहे.